गॅरेजचं दार अर्ध्यातून परत वर जातंय? मोटर बदलण्याआधी हे वाचा

आमच्या गॅरेजचं ऑटोमॅटिक दार संध्याकाळी बंदच होईना. बटण दाबलं की थोडं खाली यायचं, थांबायचं आणि परत वर जायचं. सकाळी मात्र नीट लागायचं. फक्त संध्याकाळीच का, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

दुरुस्तीवाल्याने भिंतीवरचं बटण दाबून धरलं. दार पूर्ण खाली गेलं. "बघा, मोटरमध्ये दम नाही, तिचा कंट्रोल बोर्डही गेलाय. स्प्रिंग तर कधीही तुटेल." तुटलेली स्प्रिंग माणसाला कशी लागते हे त्याने असं रंगवलं की आम्ही घाबरून सगळ्यालाच हो म्हटलं. जुना माल तो भंगारात टाकतो म्हणून घेऊन गेला.

तीन आठवडे दार सुरळीत चाललं. मग एकदा मुलीची सायकल दाराखाली राहिली. दार तिच्यावर टेकलं आणि थांबलंच नाही, चाक वाकवूनच खाली आलं. तिथे मुलगी असती तर, या विचाराने आजही माझी झोप उडते.

दुसऱ्या मेकॅनिकने छताकडे बोट दाखवलं. दोन्ही सेन्सर तिथे समोरासमोर चिकटपट्टीने बांधून ठेवले होते! ते दाराच्या दोन बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत हवेत. मधला किरण तुटला की खाली येणारं दार उलटं फिरतं. दाराखाली सापडून मुलं दगावली म्हणून अमेरिकेत १९९३ पासून घरगुती ओपनरना, म्हणजे दार उघडबंद करणाऱ्या मोटरच्या यंत्रांना, असा सेन्सर किंवा त्या तोडीची सोय सक्तीची झाली. शिवाय, अडथळ्यावर किती दाब पडला की दार थांबायचं, ती सेटिंगही पहिल्या दुरुस्तीवाल्याने शेवटपर्यंत वाढवून ठेवली होती.

मूळ दोष एवढाच, की मावळतीचं ऊन थेट किरण घेणाऱ्या सेन्सरवर पडत होतं. दोन्ही सेन्सरची अदलाबदल केली आणि दार लागलं. भिंतीवरचं बटण दाबून धरलं की बहुतेक ओपनर सेन्सरला जुमानत नाहीत. म्हणजे दोष कुठे आहे हे पहिल्याला त्याच क्षणी कळलं होतं.

तुमचंही दार असं करत असेल तर आधी सेन्सरच्या काचा पुसा, त्यांचे दिवे स्थिर आहेत का बघा. जमिनीला टेकून मग वर जात असेल तर बहुधा खाली थांबण्याची मर्यादा चुकलेली असते. स्प्रिंग बदलायला सांगितलं तर बंद दाराची, त्याला मोटरपासून सुटं करणारी लाल दोरी ओढून ते हाताने अर्ध्यावर उचला. तिथेच राहिलं तर स्प्रिंग दाराचं वजन नीट तोलते आहे. स्प्रिंगला स्वतः हात मात्र लावू नका, तिच्यात भयंकर ताण असतो. दुरुस्तीनंतर दीड इंच जाडीची फळी दाराखाली आडवी ठेवा. टेकताच दार उलटं फिरलं नाही, तर पैसे देऊ नका.

त्या पहिल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. "दार लागत होतं ना तुमचं?" एवढंच म्हणाला. मोटर धडधाकट होती हे दाखवायला जुनी मोटर आमच्या हातात नव्हती.