खिशावरचा डाग आणि हातातलं कार्ड: ‘द गेम’ बघावा की ‘अमेरिकन सायको’?

माझा मावसभाऊ आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आठवड्यात एक सुट्टी, आणि त्या सुट्टीत एक सिनेमा, हा त्याचा नेम. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, “दोन्ही काढून ठेवलोय दादा, पण रविवारी एकच बघायला जमतंय. कुठला बघू सांग.” मी त्याला दोन सिनेमे सुचवले होते: १९९७ चा ‘द गेम’ आणि २००० सालचा ‘अमेरिकन सायको’. फोनवर मी एका दमात उत्तर देऊन टाकलं आणि नंतर दिवसभर वाटत राहिलं की घाई झाली. दोन्ही सिनेमे मला मनापासून आवडतात, पण ते एकाच माणसाला, एकाच दिवशी चालतील असे नाहीत. म्हणून त्याला जे सांगायचं राहिलं, ते इथे नीट लिहितो. तुमचीही अशीच पंचाईत होत असेल तर उपयोग होईल.

वरवर पाहिलं तर दोन्हींची गोष्ट सारखी वाटते. पैशाच्या व्यवहारात मुरलेला, कडक इस्त्रीचा सूट घालणारा, एकटा राहणारा पुरुष. त्याच्या हातात सगळं आहे, आणि मग ते निसटायला लागतं. एक सॅन फ्रान्सिस्कोत घडतो, दुसरा १९८० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये. पण निसटण्याची दिशा अगदी उलटी आहे. ‘द गेम’मधल्या माणसाच्या हातून बाहेरचे लोक एकेक गोष्ट काढून घेतात, आणि आतला माणूस हळूहळू दिसू लागतो. ‘अमेरिकन सायको’मधल्या माणसाचं बाहेरचं काहीच जात नाही. नोकरी, घर, मित्र, हॉटेलांतली जेवणं, सगळं शाबूत. ढासळत असतं ते आतून, आणि आजूबाजूच्या एकालाही त्याचा पत्ता लागत नाही. तुम्हाला यातलं कुठलं बघवेल, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी ‘द गेम’. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर. ‘सेव्हन’ नंतरचा आणि ‘फाइट क्लब’ च्या आधीचा त्याचा हा सिनेमा, आणि त्या दोघांच्या मध्ये सापडल्यामुळे याच्याकडे जरा दुर्लक्षच झालं असं मला वाटतं. मायकल डग्लस निकोलस व्हॅन ऑर्टन झाला आहे. त्याचा ४८ वा वाढदिवस. याच वयात त्याच्या वडिलांनी हवेलीच्या छपरावरून उडी मारलेली, आणि ते त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. धाकटा भाऊ कॉनरॅड (शॉन पेन) त्याला वाढदिवसाची भेट म्हणून एका कंपनीचं कार्ड देतो. ही कंपनी माणसाच्या आयुष्यातच एक खेळ रचून देते. निकोलस जातो, दिवसभर फॉर्म भरतो, तपासण्या करून घेतो, आणि नंतर त्याला कळवलं जातं की तुमचा अर्ज नामंजूर झाला. त्याच रात्री वडील जिथे पडले होते त्याच जागी त्याला एक विदूषकाचा बाहुला पडलेला सापडतो. मग घरातल्या टीव्हीवरचा बातम्या देणारा माणूस थेट त्याच्याशी बोलायला लागतो.

इथपर्यंत गंमत वाटते. मला खरा धक्का बसला तो त्यापुढच्या एका अगदी छोट्या गोष्टीने. निकोलस विमानतळावर आहे, आणि त्याच्या खिशातलं पेन गळून पांढऱ्या शर्टावर डाग पडतो. बस, एवढंच. मी छापखान्यात लहानाचा मोठा झालो, आमच्या घरातल्या एकाही शर्टाचा खिसा कधी कोरा राहिला नाही. पण ज्या माणसाला शर्टावर सुरकुती चालत नाही त्याच्या छातीवर तो डाग बघताना मला त्याची लाज वाटली, त्याच्यासाठी वाटली. पुढे तो एका प्रकाशन संस्थेच्या वयस्कर प्रमुखाला कामावरून काढायला जातो, आणि कागद ज्या बॅगेत आहेत ती बॅगच उघडत नाही. ओढून बघतो, आपटून बघतो. समोरचा म्हातारा शांत बसलेला.

हा प्रसंग आम्ही मामांबरोबर बघितला होता. मामांचे शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग आहेत, चादरीचं काम. तिथल्या खटखटाटात त्यांना गाढ झोप लागते, आणि रात्री वीज जाऊन माग थांबले की त्या शांततेने ते दचकून जागे होतात. बॅग उघडत नाही म्हटल्यावर मामा लोडावरून पुढे सरकून बसले आणि म्हणाले, “गेलं. आता ह्याचं काय खरं नाही.” निकोलसचे पैसे जायला अजून बराच वेळ होता. पण ज्याने कधी धंदा चालवला आहे त्याला पहिली खूण कळते. मोठं नुकसान नंतर येतं, आधी किरकोळ गोष्टी ऐकेनाशा होतात. मुख्य पात्राचा हेकटपणा पहिल्या अर्ध्या तासात चीड आणतो, पण मामांना त्याची काळजी वाटायला लागली होती. सिनेमाचं यश मी त्यातच मानतो.

पुढे हा माणूस मेक्सिकोतल्या एका स्मशानात जागा होतो, अंगावर मळका पांढरा सूट, खिशात दमडी नाही. तिथून घरी परत येण्याचा जो भाग आहे तो माझ्या मते सिनेमाचा कळस आहे, शेवटापेक्षाही. महामार्गावरच्या एका खानावळीत उभा राहून तो अनोळखी लोकांना गाडीत जागा मागतो. डग्लसचा आवाज तिथे वेगळाच लागतो. १९८७ च्या ‘वॉल स्ट्रीट’ साठी याच नटाला ऑस्कर मिळालं होतं, पैशाच्या मागे लागलेल्या बड्या धेंडाच्या भूमिकेबद्दल. तो माणूस आणि खानावळीत हात पसरणारा हा माणूस, एकाच चेहऱ्यात दिसतात.

आता ‘अमेरिकन सायको’. मेरी हॅरनने दिग्दर्शित केलेला आणि तिने ग्विनेव्हिअर टर्नरबरोबर लिहिलेला, ब्रेट ईस्टन एलिसच्या १९९१ च्या कादंबरीवर बेतलेला. दोन बायकांनी लिहिलेला आहे हे मुद्दाम सांगतो, कारण त्यामुळे या सिनेमाची नजर बदलली. एक पुरुष बायकांशी किती भयानक वागतो हे दाखवताना कॅमेरा त्याच्या बाजूने उभा राहत नाही. तो त्याचा पोकळपणा उघडा पाडतो. मधे निर्मात्यांनी हॅरनला बाजूला सारून लिओनार्डो डिकॅप्रिओला घेऊन दुसऱ्या दिग्दर्शकाकडून सिनेमा करायचं ठरवलं होतं. ते फिसकटलं आणि सिनेमा पुन्हा तिच्याकडे आला, हे आपलं नशीब.

पॅट्रिक बेटमन २७ वर्षांचा आहे. सकाळी उठून व्यायाम, एकामागून एक मलमं, चेहऱ्यावरचा लेप सोलून काढणं. क्रिश्चन बेल हे इतक्या मन लावून करतो की आपल्याला त्याच्या कातडीची माहिती होते आणि माणसाची काहीच होत नाही. आपल्याकडची बरीच मुलं बेलला बॅटमन म्हणून ओळखतात. ही भूमिका त्याच्या पाच वर्षं आधीची.

माझ्यासाठी हा सिनेमा एका प्रसंगात आहे. ऑफिसातल्या टेबलाभोवती चार-पाच तरुण बसलेत आणि आपापली व्हिजिटिंग कार्डं काढून एकमेकांना दाखवतायत. सगळी कार्डं पांढरटच. सगळ्यांवर हुद्दा एकच. फरक असेल तर कागदाच्या छटेत, अक्षराच्या वळणात, उठावात. बेटमन आपलं नवीन कार्ड अभिमानाने ठेवतो, मग दुसऱ्याचं सरस निघतं, मग तिसऱ्याचं, आणि शेवटी पॉल ॲलन या सहकाऱ्याचं कार्ड येतं. जाड कागद, आत वॉटरमार्क. बेटमनला घाम फुटतो, हाताला कंप सुटतो, कार्ड हातातून पडतं.

हे कोणाला अतिशयोक्ती वाटेल. मला वाटत नाही, कारण मी हे माझ्या छापखान्याच्या काउंटरवर बघितलंय. नवी पेठेतले एक व्यापारी ५०० कार्डं घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी सगळा गठ्ठा परत घेऊन आले. छपाईत चूक नव्हती. प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेला नमुना, त्यांनी स्वतः तपासून सही केलेलं. पण शेजारच्या दुकानदाराचं कार्ड ३५० जीएसएमचं (कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड) होतं आणि यांचं ३००. त्यांनी दोन्ही कार्डं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, अंगठ्याने वाकवून बघा. मी वाकवून बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते रागापेक्षा खोल होतं. त्या दिवशी मी त्यांना समजावायच्या भरीस पडलो नाही, जाड कागदावर दुसरी कार्डं छापून दिली. पुढे हा सिनेमा बघितला तेव्हा तो अंगठा आठवला. बेटमन माणसं मारतो ते भयंकर आहेच, पण त्याची मुळं त्या टेबलावर दिसतात: आपण कोण आहोत हे ज्याला फक्त शेजाऱ्याच्या कार्डावरून कळतं, त्याच्या आत धरून ठेवायला काही उरत नाही.

या सिनेमात लोक एकमेकांना सतत चुकीच्या नावाने हाक मारतात, हेही लक्ष ठेवून बघा. पॉल ॲलन बेटमनला भलताच कोणी समजत राहतो. एकसारखे सूट, एकसारखे चश्मे, एकसारखे भांग. पुढे बेटमन आपण काय केलं ते ओरडून सांगतो तरी कोणी ऐकून घेत नाही. विलेम डॅफोने केलेला गुप्तहेर त्याच्यासमोर येऊन बसतो तेव्हा याला सगळं कळलंय की काहीच कळलेलं नाही, याचा आपल्याला शेवटपर्यंत अंदाज लागत नाही.

दोन्हींचे शेवट मी फोडणार नाही. पण निवड करताना शेवटाचा स्वभाव माहीत असावा. ‘द गेम’ सगळे दोर बांधून संपतो. काही लोकांना ते पटत नाही, इतकं सगळं जुळून कसं येईल म्हणतात, आणि तर्क लावायला बसलात तर त्यांचं चुकत नाही. मी तरीही तो शेवट मान्य करतो, कारण तोवर मला हिशेबापेक्षा निकोलसची पडली होती. ‘अमेरिकन सायको’ दोर मोकळेच सोडतो. जे पाहिलं त्यातलं खरं किती आणि त्याच्या डोक्यातलं किती, हे तुमच्यावर ठेवून सिनेमा उठून जातो. ज्यांना असं अर्धवट सोडलेलं चालत नाही त्यांची रात्र खराब होईल.

आता कोणी काय बघावं.

घरच्यांबरोबर बसणार असाल, वडीलधारी असतील, तर प्रश्नच नाही: ‘द गेम’. शिव्या आहेत, गोळीबार आहे, पण डोळे झाकावेत असं फारसं नाही. एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवा. वडिलांच्या आत्महत्येची सावली या सिनेमावर सुरुवातीच्या घरगुती फिल्मच्या तुकड्यांपासून पडलेली आहे आणि ती शेवटापर्यंत जाते. घरात असं कोणी गेलं असेल तर त्या माणसाला न विचारता हा सिनेमा लावू नका. मी एकदा न विचारता लावला आणि मित्राची आई मधेच उठून आत गेली. ते मला अजून खातं.

‘अमेरिकन सायको’ मुलांसमोर अजिबात नको, आणि आई-वडिलांबरोबरही नको. कुऱ्हाड आहे, करवत आहे, बायकांवरचे अत्याचार आहेत, रस्त्यावरच्या एका बेघर माणसाचा प्रसंग तर मला दुसऱ्यांदा बघवला नाही. एकट्याने बघा किंवा अशा एका मित्राबरोबर, ज्याच्याशी नंतर बोलता येईल.

वेळेचं म्हणाल तर पहिला सव्वादोन तासांना थोडा कमी, दुसरा पावणेदोन तासांच्या आत. पण पहिल्याला पूर्ण लक्ष लागतं. मधे फोन घेतला, पाणी आलं म्हणून मोटर लावायला उठलात, तर धागा सुटला. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात ही साधी अडचण नाही, पाण्याचा दिवस बघूनच हा सिनेमा ठरवा. दुसरा मधे थांबवून पुन्हा लावला तरी चालतो. दोन्हींना सबटायटल्स हवीतच, आणि ‘अमेरिकन सायको’ ला जास्त, कारण बेटमन त्या काळच्या पॉप गायकांवर लांबलचक व्याख्यानं देतो आणि ती नुसती कानावरून गेली तर त्यातला थंडपणा पोचत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ‘अमेरिकन सायको’ मोठा सिनेमा आहे. तो वर्षानुवर्षं डोक्यात राहतो. पण भावाला मी ‘द गेम’च सांगितला, आणि आता शांतपणे विचार करूनही तेच सांगतो. सहा दिवस दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब जुळवून थकलेल्या माणसाला एका दिवसाच्या सुट्टीत बेटमनच्या डोक्यात नेऊन सोडणं मला बरोबर वाटत नाही. त्याला निकोलसबरोबर त्या खानावळीत उभं राहू दे. दुसरा दिवाळीच्या सुट्टीत बघता येईल, लागून दोन दिवस मोकळे असतील तेव्हा.

आणि तो बघाल तेव्हा कार्डाच्या प्रसंगात एकदा चित्र थांबवा. कंपनीच्या नावाखाली ‘ॲक्विझिशन्स’ (कंपन्या ताब्यात घेणं) हा इंग्रजी शब्द छापलाय, त्यातला ‘सी’ गळलाय. एका कार्डावर नाही, सगळ्यांच्या कार्डांवर. कागदाची छटा, अक्षराचं वळण, वॉटरमार्क, सगळं त्यांनी निरखून बघितलं. प्रूफ कोणीच वाचलं नाही.