वाल्तेल्लिनात कुठे काय खावं: काही महिने राहून, खाऊन झाल्यावर

निकाल आधीच सांगते. वाल्तेल्लिनात एकाच हॉटेलात बसून सगळं चाखायचा बेत करू नका. इथे प्रत्येक पदार्थाचं आपलं गाव आहे. पित्सोक्केरी खायच्या तर तेल्योला चढा, बित्तो चीज हवं तर मोर्बेन्योच्या बाजूला जा, दगडी तळघरातलं जेवण हवं तर क्यावेन्ना गाठा. सोंद्रिओ या इथल्या मुख्य शहराच्या चौकात चार भाषांत छापलेलं, हे सगळं एकत्र देणारं मेन्यूकार्ड दिसलं की मी आता पुढे चालू लागते.

जागा माहीत नसलेल्यांसाठी: ही इटलीच्या लोम्बार्दीतली, स्वित्झर्लंडच्या सीमेला चिकटलेली आल्प्समधली दरी. आद्दा नदी तिच्यातून वाहते आणि कोमो सरोवराला मिळते. मिलानहून निघालेली गाडी सरोवराच्या काठाकाठाने येते आणि साधारण दोन तासांत सोंद्रिओला पोचवते. माझा मुक्काम नोकरीमुळे सोंद्रिओत होता, हिवाळा सरता सरता आले ते द्राक्षांची तोडणी होईपर्यंत. मी सगळं खाते, नवरा शुद्ध शाकाहारी. त्यामुळे खालचं सगळं दोन्ही बाजूंनी तपासलेलं आहे.

पित्सोक्केरीपासून सुरुवात करते, कारण इथे माणूस त्याच खायला येतो आणि बिघडलेल्या मिळतात त्याही त्याच. त्या कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या जाड, आखूड पट्ट्या असतात, खाताना आपल्या चकोल्यांच्या जातीच्या वाटतात. तेल्योत या पदार्थाची एक अकादमीच आहे, आणि तिने कृती ठरवून ठेवली आहे. चार माणसांसाठी ४०० ग्रॅम कुट्टूचं पीठ, १०० ग्रॅम गव्हाचं, २५० ग्रॅम बटाटे, २०० ग्रॅम कोबी, २५० ग्रॅम काझेरा चीज, १५० ग्रॅम किसलेलं ग्राना चीज आणि २०० ग्रॅम लोणी. हो, लोणी दोनशे ग्रॅम, म्हणजे माणशी पन्नास. आधी बटाटा-कोबी मिठाच्या पाण्यात उकळतात, त्याच पाण्यात पट्ट्या सोडतात, मग झाऱ्याने काढून गरम भांड्यात थर लावतात: एक थर पट्ट्या-भाजीचा, एक चीजचा, पुन्हा पट्ट्या, पुन्हा चीज. शेवटी लसूण घालून तांबूस केलेलं लोणी वरून ओततात आणि न ढवळता पानात वाढतात. ढवळलं की चीजचा गोळा होतो आणि खालचे थर चिकट होऊन बसतात.

चांगल्या आणि वाईट पित्सोक्केरी ओळखायला एवढी माहिती पुरते. ताट पाच मिनिटांत समोर आलं, तर पट्ट्या बहुधा पाकिटातल्या, वाळवलेल्या असतात. पाकिटातल्या वाईटच असतात असं नाही. वाळवलेल्या पित्सोक्केरींना २०१६ पासून युरोपीय महासंघाचं भौगोलिक मानांकनही आहे, आणि घरी करायला मी त्याच वापरायचे. पण हातच्या ताज्या पट्टीच्या कडा जरा ओबडधोबड असतात, ती दाताखाली कुसकरते आणि कुट्टूचा किंचित कडसर, मातकट वास येतो. हॉटेलात जाऊन मी पाकिटातलं का खावं? दुसरी खूण लोण्याची. ते पिवळं, नुसतं वितळलेलं असेल तर स्वयंपाकघरात घाई झालेली आहे. त्याला खमंग वास आणि लसणीचा रंग हवाच. तिसरी खूण भाजीची: थंडीत कोबी, उन्हाळ्यात त्याच्या जागी पालेभाजी किंवा फरसबी. जुलैत कोणी पालेभाजी घालून पित्सोक्केरी वाढल्या तर तक्रार करू नका, बागेत जे आलंय ते भांड्यात गेलंय.

तेल्यो गाव दरीच्या वर, साडेआठशे मीटर उंचीवर आहे. या गावावरूनच सगळ्या दरीला नाव पडलं. रेल्वे खाली त्रेझेंदापर्यंतच जाते, तिथून बस, आणि बसचं वेळापत्रक परतीचं आधी बघून ठेवायचं. गावात चार पावलं फिरलात तरी पित्सोक्केरी देणारं घर सापडतं. मी नाव एकाचंही घेत नाही, कारण दोन-तीन ठिकाणी आलटूनपालटून खाल्लं आणि फरक उन्नीस-बीसचाच होता. बाहेर लावलेल्या फळ्यावर मोजके पदार्थ आणि आत दुपारी गावातली म्हातारी माणसं, एवढं दिसलं की बसा. गावाबाहेर उतारावर शेतीसोबत जेवण देणारी घरं आहेत, त्यांना आग्रितुरिस्मो म्हणतात. तिथे फोन करून जावं लागतं, निवड नसते, जे शिजलंय ते येतं. मला तेच जास्त आवडलं.

एक खरी गोष्ट सांगायलाच हवी. ताटातलं कुट्टू वाल्तेल्लिनातच पिकलेलं असेल असं धरून चालू नका. इथली लागवड आता फार थोडी उरली आहे, बहुतेक पीठ बाहेरून येतं. काही शेतकरी उतारावरच्या पट्ट्यांत पुन्हा पेरू लागलेत, आणि ज्यांच्याकडे ते पीठ असतं ते आपणहून सांगतात. किंमत थोडी जास्त असते, द्यावी.

शाकाहारी लोकांना ही दरी वाटते त्यापेक्षा सोपी आहे. पित्सोक्केरी आहेतच. मका आणि कुट्टू एकत्र शिजवून चीज घोटलेली पोलेंता तारान्या आहे. बटाटा, फरसबी आणि चीज कुस्करून केलेलं तारोत्स आहे, पण त्यात कधी कधी डुकराच्या मांसाचे तुकडे टाकतात, तेव्हा ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हणून आधी विचारा. काटेकोर असाल तर मुख्य अडचण चीजची. काझेरा आणि बित्तो दोन्ही वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, त्याला इथे पर्याय नाही. माझ्या नवऱ्याने पहिल्या आठवड्यात यावर बराच विचार केला आणि मग खायला सुरुवात केली. तुमचा निर्णय तुमचा.

श्यात म्हणजे चीजचा तुकडा कुट्टूच्या पिठात बुडवून तळलेली गोल भजी, खाली बारीक चिरलेल्या कडू पानांची कोशिंबीर. पिठात थोडी ग्राप्पा ही दारू घालतात, आणि जुन्या पद्धतीत तळण डुकराच्या चरबीत, म्हणून शाकाहारी माणसाने हेही विचारायचं. आतलं चीज वाहतं असेपर्यंतच या भज्यांना अर्थ आहे. जत्रेच्या स्टॉलवर कढईशेजारी उभं राहून खाल्लेल्या श्यात मला हॉटेलातल्यांपेक्षा नेहमी सरस लागल्या. थंड झालेली श्यात कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

आता बित्तो. हे चीज फक्त उन्हाळ्यात, गाई वरच्या कुरणांवर चरायला नेतात तेव्हाच होतं, जून ते सप्टेंबर. गाईच्या दुधात थोडं शेळीचं दूध चालतं, जास्तीत जास्त दहा टक्के. निदान सत्तर दिवस मुरवतात, पण काही चक्क्या दहा वर्षांपर्यंतही ठेवतात. जेरोलाच्या खोऱ्यातल्या काही गवळ्यांनी मानांकनाचे नियम सैल केल्याबद्दल भांडण मांडलं. गाईंना कुरणावर वरचं खाद्य द्यायचं नाही, दुधात तयार विरजण घालायचं नाही, शेळीचं दूध हवंच, हा त्यांचा आग्रह. शेवटी त्यांनी बित्तो हे नावच सोडलं आणि २०१६ पासून ‘स्तोरिको रिबेल्ले’ या नावाने विकू लागले. जेरोला आल्तात त्यांचं मुरवणीचं तळघर आहे, तिथे वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे शेजारी ठेवून चाखता येतात. महाग आहे. पण पाच वर्षांचा तुकडा खाल्ल्यावर दुकानातलं कोवळं बित्तो मला फिकं लागायला लागलं, हे या जागेविषयीचं एकमेव गाऱ्हाणं. ऑक्टोबरात मोर्बेन्योत बित्तोचा मोठा बाजार भरतो, गर्दी सोसत असेल तर तेव्हा जा.

ब्रेझाओलाबद्दल थोडक्यात. ते गाईबैलाच्या मांडीचं खारवून वाळवलेलं मांस, ज्यांना चालत नाही त्यांनी नाव लक्षात ठेवावं, कारण कोशिंबिरीवरही घालतात. मानांकन असलं तरी मांस बऱ्याचदा ब्राझीलहून येतं, मानांकन मुरवण्याच्या पद्धतीला आणि जागेला आहे. आधीच लिंबू पिळून आणलेली बशी परत पाठवा, लिंबाने ते राखाडी पडतं.

क्यावेन्ना ही खरं तर शेजारची वेगळी दरी, पण जिल्हा तोच, आणि कोलिकोला गाडी बदलून जाता येतं. इथले क्रोत्ती मला सगळ्यांत जास्त आवडले. डोंगरावरून कोसळलेल्या प्रचंड शिळांच्या फटींतून वर्षभर गार हवेचा झोत येतो, तापमान साधारण आठ अंशांवर टिकून राहतं. लोकांनी त्या फटींना दारं बसवली आणि आत दारू, चीज, मांस ठेवायला सुरुवात केली. हेच क्रोत्ती. बरेच अजूनही घराण्यांच्या मालकीचे आणि बंद असतात, काहींत मात्र जेवण मिळतं. उन्हाळ्यात झाडाखालच्या दगडी मेजावर बसायचं आणि तळघर आतून दाखवता का म्हणून विचारायचं, बहुतेक हो म्हणतात. इथल्या पित्सोक्केरी वेगळ्या, पांढऱ्या, गव्हाच्या पिठाच्या छोट्या गोळ्या आणि भरपूर चीज-लोणी. तापवलेल्या दगडावर भाजलेल्या बरगड्या आणि शेळीच्या मांडीचं वाळवलेलं ‘व्हिओलिनो’ हे इथले मांसाहारी मानकरी. सप्टेंबरात क्रोत्तींचा उत्सव असतो तेव्हा एरवी बंद असलेले काही उघडतात, पण निवांत बसायला मिळत नाही. मी जूनमधला मधला वार सुचवेन.

दारू घेणाऱ्यांसाठी: दरीच्या उत्तर बाजूच्या उतारावर दगड रचून केलेल्या पायऱ्यांवर नेब्ब्योलो द्राक्ष होतं, इथे त्याला क्यावेन्नास्का म्हणतात. त्याची साधी सास्सेल्ला किंवा ग्रुमेल्लो वाइन पित्सोक्केरींसोबत चांगली जाते. द्राक्षं सुकवून केलेली स्फोर्त्सातो जड असते, ती जेवणानंतर जुन्या चीजसोबत घ्या.

वेळा मात्र निष्ठुर आहेत. दुपारी बारा ते दोन, रात्री सातनंतर, मधे चूल बंद. आठवड्यातून एक-दोन दिवस बंद, तो वार प्रत्येकाचा वेगळा, आणि नोव्हेंबरात अनेक जण सुट्टीवर. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ लागतात, ते पावाचे आणि मांडणीचे, फसवणूक नव्हे. पित्सोक्केरींचं ताट बारा युरोंच्या आसपास, आणि ते एकट्याने संपत नाही. मागून दुसरा पदार्थ मागवायची घाई करू नका, आम्ही दोघं एक ताट आणि एक कोशिंबीर घेऊन उठायचो, कुणी नाक मुरडलं नाही. जमेल तर हे जेवण दुपारीच घ्या. रात्री पन्नास ग्रॅम लोणी पोटात घेऊन झोप लागत नाही.

आपल्याकडून येणारे बरेच जण दरी पाहतात ती तिरानोपुरती, स्वित्झर्लंडला जाणारी लाल बेर्निना गाडी पकडायला. गाडीआधी तासभर असतो आणि स्टेशनसमोरच्या पहिल्या टेबलावर तो जातो. मीही तिथल्या एका ठिकाणी कोमट पित्सोक्केरी खाल्ल्या आहेत. त्यापेक्षा जुन्या गावात चालत जा आणि ‘किशॉय’ विचारा. कुट्टूच्या पिठात चीज घालून तव्यावर चपटं थापलेलं धिरडं, बाजूला कडू पानं. तिरानोचं आपलं खाणं ते हेच, आणि दहा-पंधरा मिनिटांत होतं. हाताशी पूर्ण दिवस असेल तर त्याच गाडीने सीमेपलीकडे पोस्क्यावोला उतरा. स्विस बाजूची ही दरीही इटालियन बोलते आणि कुट्टू खाते, तिथले काही खाणावळवाले फक्त त्याच दरीत पिकलेल्या मालाचं जेवण देतात. बिल मात्र स्विस फ्रँकमध्ये येतं आणि तिरानोच्या जवळजवळ दुप्पट वाटतं.