कूर्ग की वायनाड? कोल्हापुरातनं आठवडाभर जायचं असेल तर

परवा मेहुण्याचा फोन, "दाजी, दिवाळीनंतर सात दिवस सुट्टी टाकलीय, कूर्गला जाऊ का वायनाडला?" मी दोन्हीकडं जाऊन आलोय, कूर्गला घरच्यांना घेऊन आणि वायनाडला मित्रांबरोबर, त्यामुळं त्याला तासभर जे सांगितलं तेच इथं टाकतो.

आधी रस्ता. सातातले किती दिवस गाडीतच जाणार यावर निम्मा निकाल लागतो. कूर्गचं मुख्य गाव मडिकेरी आपल्यापासनं साडेसहाशे किलोमीटरच्या पुढं, हुबळी, शिवमोगा, हासन करत. पहाटे निघून एका दमात जाणारे आहेत, पण म्हातारी माणसं सोबत असतील तर असला नाद करू नका, हासनला मुक्काम टाका. वायनाड त्याच्याही पुढं तीनेक तास. गाडी नको असेल तर मिरजेतनं रेल्वेनं बंगळूर, मग म्हैसूर, तिथनं बस. दोन्ही जिल्ह्यांत रेल्वे स्टेशन नाही.

आणि एक, म्हैसूरवरनं सुलतान बत्तेरीला जाणारा हायवे बांदीपूरच्या जंगलातनं जातो, तो रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. आम्हाला हे माहीत होतं बरं का, तरी म्हैसुरात डोसा खात बसलो आणि गुंडलुपेटच्या पुढच्या नाक्यावर नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचलो. परत फिरून लॉज शोधला, डासांनी फोडून काढलं.

आता बघायचं काय. डोंगर, कॉफी, मिरीचे वेल, धुकं हे दोन्हीकडं आहे, त्यात डावं-उजवं करत बसू नका. गवे बघायला तर आपलं दाजीपूर आहेच. फरक पडतो तो संस्कृतीत.

कूर्गची संस्कृती घरात आहे. पॉइंट करत फिरलात तर ॲबी फॉल्सची गर्दी आणि राजा सीटचा सूर्यास्त एवढंच हाताला लागतं. कोडवा, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या, कुटुंबाच्या होमस्टेत तीन रात्री राहा, मग कळतं. आमच्या घरमालकीणबाई एका लग्नाला निघाल्या होत्या, साडीच्या निऱ्या पुढं नाही तर पाठीमागं खोचलेल्या, आमची आई बघतच राहिली आणि भाषा येत नसताना दोघींनी नऊवारीचा काष्टा आणि ती साडी यावर अर्धा तास काढला. आपल्याकडं खंडेनवमीला शस्त्रं पुजतात तसं हे लोक सप्टेंबरात कैलपोदला बंदुका पुजतात. जेवणात तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, कडंबुट्टू, आणि त्याबरोबर पंदी करी म्हणजे डुकराचं मटण, त्यात कचंपुळी नावाचं काळंकुट्ट आंबट घालतात, दोन थेंब जिभेवर ठेवले तर डोळे मिटतात. पोर्क चालत नसेल तर आधीच सांगा, कोंबडी करून देतात. तांबड्या रश्श्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. भागमंडलचा संगम बघून प्रयाग चिखलीची आठवण झाली, तिथंही एक नदी गुप्तच आहे. वर तलकावेरीला, म्हणजे कावेरीच्या उगमाला, गाडी पार जवळ जाते. बैलकुप्प्याचं सोनेरी बौद्ध मंदिर भारी आहे, पण मुंडगोडची तिबेटी वसाहत बघितली असेल तर अर्धा दिवस पुरे.

वायनाडची संस्कृती बाहेर आहे, तिथं पायाला काम. एडक्कलच्या गुहेला दम लागेपर्यंत चढायचं. ती खरं तर गुहा नाहीच, दोन कड्यांच्या फटीत वर एक अजस्र दगड अडकलाय आणि भिंतीवर नवाश्मयुगातली माणसं, प्राणी, चाकं कोरलीत. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की रेघा उठून दिसतात, सरळ धरला तर नुसता दगड. सुलतान बत्तेरीचं जुनं जैन मंदिर कुंभोजला जाऊन आलेल्यांनी तर चुकवूच नये, टिपूनं तिथं दारूगोळा ठेवला, म्हणून इंग्रजी 'बॅटरी' म्हणजे तोफखाना यावरनं गावाचं नाव बत्तेरी. शिवाय तिरुनेल्लीचं विष्णू मंदिर, मानंतवाडीला इंग्रजांशी लढलेल्या पळश्शी राजाची समाधी, आणि बाणासुर सागर, मातीचं मोठं धरण. खायला पुट्टू-कडला (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या चण्यांचा रस्सा), परोटा आणि जाडजूड लाल भात, आमच्यातल्या एकानं तिसऱ्या दिवशी त्या भातापुढं हात जोडले.

पावसाळ्यात दोन्हीकडं नको. गगनबावड्याच्या पावसाची सवय आहे म्हणून शहाणपणा करू नका, जळवा लागतात ते वेगळंच, आणि ३० जुलै २०२४ ला वायनाडात मुंडक्कई-चूरलमला भागात दरड कोसळून शेकडो माणसं गेली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा.

दोन्ही एका आठवड्यात बसवायचा मोह होतो, जवळजवळ आहेत म्हणून. मी म्हणतो नको, जाता-येता तीन दिवस तसेच संपतात. नऊ-दहा दिवस असतील आणि गुडघे धड असतील तर वायनाड, मला स्वतःला तेच जास्त आवडलं. सातच दिवस आणि घरची मंडळी असतील तर कूर्ग.

मेहुण्याला कूर्गच सांगितलं, सासूबाई आहेत बरोबर. डिसेंबरपर्यंत ढकलता आलं तर ढकल म्हटलं, तेव्हा कॉफीची तोडणी चालू असते आणि अंगणभर लाल फळं वाळत पडलेली असतात.