सुझन केअरचे पत्ते, आयकॉन आणि बाकीचं काम: एकदा नीट बघाच

भावाने अमेरिकेहून येताना एरियावेअर कंपनीचा पत्त्यांचा कॅट आणला, डिझाइन सुझन केअर या ग्राफिक डिझायनर बाईचं, आणि तेव्हापासून आमच्याकडे बदाम सात काय, रमी काय, पाच-तीन-दोन काय, सगळं त्याच कॅटवर चालतं. पत्ते हातात घेतले की लगेच ओळख पटते, अरे हे तर विंडोजच्या सॉलिटेअरमधले! 1990 मध्ये विंडोज 3.0 बरोबर तो गेम आला, त्यातल्या पत्त्यांची चित्रं हिने काढली, पुढच्या विंडोजमध्येही ती बरीच वर्षं टिकली, आणि 2015 मध्ये तेच पत्ते खरोखरचे छापून बाजारात आले. एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये सर यायच्या आधी किंवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ज्यांनी ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांनी हिचं काम तासन् तास बघितलंय, फक्त नाव माहीत नाही, आणि मला तेवढ्यासाठीच हे लिहायचंय.

राजा राणी गुलाम जवळून बघा. स्क्रीनवर जे ठिपके तेव्हा बारीक होते ते इथे पायऱ्या पायऱ्यांसारखे स्पष्ट दिसतात, गोल काहीच नाही, सगळे चौकोन, रंगही मोजकेच कारण तेव्हाच्या विंडोजला सोळा रंगांत भागवायला लागायचं. तरी राणी राणीच वाटते आणि गुलामाचा राजा म्हणून घोटाळा होत नाही. खेळताना डोळ्याला त्रास होत नाही, इस्पिक आणि किलवर लांबूनही वेगळे कळतात. पत्त्यांच्या कॅटकडून मला अजून काय पाहिजे!

पण पत्ते हा हिच्या कामाचा एक तुकडा झाला. मूळ काम ॲपलचं. पीएचडी कलेच्या विषयात, कॉम्प्युटरशी संबंध नाही, शाळेतला मित्र अँडी हर्ट्झफेल्ड ॲपलच्या मॅकिंटॉश (म्हणजे मॅक) कॉम्प्युटरच्या टीममध्ये होता त्याने बोलावलं म्हणून ही गेली, आणि सुरुवात केली आलेखाच्या वहीवर. 32 बाय 32 चौकोन, म्हणजे 1024 घरं, प्रत्येक घर एकतर काळं नाहीतर पांढरं, मधलं काही नाही. दुसूतीच्या कापडावर फुलीचा टाका घालणाऱ्या बायकांना हे काम लगेच कळेल, घर मोजायचं, भरायचं, लांब धरून बघायचं. ती स्वतःही मोझॅक आणि भरतकामाचा अनुभव उपयोगी पडला असंच सांगते. त्यातून 1984 च्या मॅकवर हसरा कॉम्प्युटर, कचऱ्याचा डबा, रंगाची कलंडलेली बादली, चित्राचा भाग निवडायचा दोरीचा फास (लॅसो) असं सगळं आलं. रंगाची बादली आजही कुठल्याही ड्रॉइंगच्या ॲपमध्ये बघा, तीच आहे!

मला यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं ते हे, की चित्र बघून माणसाला वाचायची गरज पडत नाही. आपल्याकडे किती जण कॉम्प्युटर शिकले तेव्हा मेनूतलं इंग्रजी अर्धं डोक्यावरून जायचं, आपण सगळे चित्रांच्या भरवशावर शिकलो. आयकॉन रस्त्यावरच्या पाटीसारखा असावा, फार तपशील भरलेल्या चित्रासारखा नको, असं ती सांगत आलीये, आणि तिच्या कामात ते पदोपदी दिसतं. डब्यावर दोन रेघा जास्त मारता आल्या असत्या, नाही मारल्या, तितक्यातच डबा कळतो ना, मग बास.

हे आज जास्त जाणवतं. आईच्या फोनमध्ये एका बँकेचं ॲप आहे, खाली पाच आयकॉन, पाचही सारख्याच बारीक रेघांचे, त्यातलं पासबुक कुठलं ते मलाही दाबून बघावं लागतं, आई तर घाबरून हातच लावत नाही. लाखो ठिपक्यांची स्क्रीन हाताशी असताना हे होतं आणि केअरकडे फक्त 1024 घरं होती. आपल्याकडच्या डिझाइनच्या पोरांनी आधी तिची वही बघावी असं मला मनापासून वाटतं, न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने तिची स्केचबुकं जपून ठेवलीयेत ती काय उगाच नाही.

सगळंच मला पटतं असं नाही. मॅक बंद पडला की बॉम्ब दिसायचा तो मला आजही चुकीचा वाटतो, नवशिक्या माणसाला आधीच भीती असते की माझ्या हातून मशीन बिघडेल, त्यात वात पेटलेला बॉम्ब कशाला? हे चित्र क्वचितच कुणाला दिसेल असं तिला तेव्हा सांगितलं होतं म्हणतात, पण दिसायचं ते दिसलंच. मॅकच्या कीबोर्डवर कमांडच्या बटणावरची चार कोपऱ्यांना गाठी असलेली खूण मात्र भारीच. मेनूत जिकडेतिकडे ॲपलचा लोगो नको असं स्टीव्ह जॉब्ज म्हणाला म्हणून तिने चिन्हांच्या पुस्तकातून ती शोधली, स्वीडनमध्ये बघण्यासारख्या जागेच्या पाटीवर असते ती. आपल्याला स्वीडनचं काय माहीत, तरी एकदा बघितली की विसरत नाही.

चित्रकार म्हणून तिचा हात बघायचा असेल तर मॅकपेंट या मॅकवरच्या चित्रं काढायच्या प्रोग्रामच्या जाहिरातीतली केस विंचरणारी जपानी बाई बघा. जुन्या जपानी ठशाच्या चित्रावरून काढलेली, नुसत्या काळ्या पांढऱ्या ठिपक्यांत, आणि केसांची एकेक बट वेगळी दिसते. मी ती किती वेळ मोठी करून बघत बसले असेन. ब्रँडिंगचं तिचं काम मला तितकं लागलं नाही, जॉब्जच्याच नेक्स्ट या कॉम्प्युटर कंपनीत ती क्रिएटिव्ह डायरेक्टर होती पण तिथला गाजलेला लोगो पॉल रँड या दुसऱ्या डिझायनरचा. नंतर 2007 मध्ये फेसबुकवर एक एक डॉलरला पाठवायच्या छोट्या भेटवस्तूंची चित्रं केली, मग पिंटरेस्टमध्ये गेली. 2018 मध्ये तिला एआयजीए या अमेरिकेतल्या डिझायनरांच्या संस्थेचं मेडल मिळालं, मला विचाराल तर फारच उशिरा.

घ्यायचं काय? पत्ते खेळणारं घर असेल तर कॅट घ्या, कुणी तिकडून येणार असेल तर आणायला सांगा म्हणजे कुरिअरचा खर्च वाचतो. तिच्या सहीचे प्रिंटही मिळतात पण ते महाग आहेत, भिंतीवर लावायची हौस असेल तरच. आणि एक पैसा न घालवता बघायचं असेल तर इंटरनेट अर्काइव्ह या वेबसाइटवर जुना मॅक ब्राउझरमध्येच चालतो, त्यात मॅकपेंट उघडा, फॅटबिट्स करा म्हणजे एकेक ठिपका मोठा दिसतो, आणि स्वतः एक आयकॉन काढायला घ्या, पोरांना पण बसवा शेजारी.