शाळेतल्या निवडणुकीचं ॲप की पुठ्ठ्याचं किट? आठ महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

आमची शाळा देवगड तालुक्यात, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट 23. दरवर्षी मंत्रिमंडळ म्हणजे बाईंनी बोट दाखवायचं आणि तो मुख्यमंत्री, झालं. गेल्या जुलैत म्हटलं यंदा खरंच मतदान घेऊ. तेव्हापासून तीन निवडणुका झाल्या, एक मोबाईलच्या ॲपवर, एक डब्यांवर आणि एक मतपत्रिकेवर. किट म्हणजे विकतचं काही नाही, हापूसच्या पेट्यांचे पुठ्ठे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, एक मार्कर, एक रजिस्टर. खर्च शंभरच्या आतच.

आधी ॲप. मोफत मिळणारी बरीच आहेत, मी एक घेतलं, नाव सांगत नाही कारण थोड्याफार फरकाने सगळी तशीच. शाळेत रेंज नाही, कातळावर जाऊन डाऊनलोड केलं, पण एकदा घेतलं की नेट लागत नाही हे चांगलं. फोटो, चिन्ह, नोटा, सगळं टाकता येतं, बटण दाबलं की लांब बीप येतो आणि खऱ्या व्हीव्हीपॅटसारखी 7 सेकंद चिठ्ठी दिसते. त्या बीपसाठी पोरं वेडी, एकाने मत दिल्यावर परत रांगेत येऊन उभं राहून पाहिलं, बोटावर मार्करची रेघ होती म्हणून सापडला. नेट बंद करायला मात्र विसरू नका, मी विसरले आणि तिसरीच्या पोरासमोर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात आली, त्याने ती मन लावून पूर्ण बघितली.

आता माझी चूक. आदल्या रात्री घरी चालतंय का बघायला मी तीन मतं टाकली आणि पुसलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी एक मूल गैरहजर, रजिस्टरवर 22 सह्या, ॲपमध्ये मतं 25. मी निकाल वाचणार तेवढ्यात चौथीतला एक पोरगा म्हणाला बाई बेरीज चुकता हा. मला घाम फुटला. मी स्वतः निवडणूक ड्युटीला जाते, सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान 50 मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घ्यायचा आणि मग क्लिअर करायचं हे आमच्या ट्रेनिंगमध्ये इतक्यांदा सांगतात की झोपेतही म्हणेन, आणि वर्गात तेच राहिलं. मतदान रद्द करून परत घेतलं. पण त्या दिवसापासून मुलांना रजिस्टर का लागतं ते मला शिकवावं लागलं नाही.

दुसऱ्यांदा घेतल्यावर 12, 6, 3 आणि नोटा 1. इथून खरी मजा. उमेदवारी अर्जासोबत आम्ही अनामत घेतली होती, प्रत्येकी 10 चिंचोके. विधानसभेला खरी अनामत 10 हजार रुपये असते आणि ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. नोटा त्या हिशोबात धरत नाहीत, म्हणजे 21 भागिले 6, साडेतीन. तीन मतंवाल्या मुलीचे चिंचोके गेले. चौथीला अपूर्णांक शिकवताना मी वर्षानुवर्षं भाकरीचे तुकडे करतेय, पण अर्ध्या मताने चिंचोके गेले म्हटल्यावर जे समजलं ते भाकरीने कधी समजलं नव्हतं. ती मुलगी रडली, हे पण सांगते. मी त्याची तयारी ठेवली नव्हती, ठेवायला हवी होती.

आणि नोटा! पूर्ण मधल्या सुट्टीभर एकच चौकशी, ‘बाई, नोटा कोणी दाबल्यान?’ प्रत्येकाला कबूल करायला लावायचा प्रयत्न चालला होता. शेवटी पहिलीतल्या एकीने आपणहून सांगितलं, ‘माका ता फुलीचा चित्र आवडला.’ बस. म्हणजे पहिली-दुसरीसाठी ॲप हा नुसता खेळ झाला, कोणाला मत दिलं हे त्यांना नीट कळलंच नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर डबे. 1951-52 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि त्यावर त्याचं चिन्ह असायचं, कागद टाकायचा तो आपल्या माणसाच्या पेटीत. पहिलीच्या मुलांसाठी हेच बरोबर बसतं. होडी, खेकडा, माड अशी चिन्हं घेतली. (कमळ, हात, मशाल, धनुष्यबाण, घड्याळ यातलं काही घेऊ नका, संध्याकाळी घरून फोन येतात.) फक्त पत्र्याचे डबे वेगवेगळे वाजतात हे माझ्या लक्षात नव्हतं. तिसऱ्या मतालाच आडोशाबाहेरून ओरड, ‘डबो वाजलो, खेकड्याक गेला!’ मग तिन्ही डब्यांत तळाला नारळाची सोडणं पसरली, आवाज बंद.

सगळ्या सामानात मला सगळ्यात जास्त कामाचा वाटला तो हा आडोसाच, आंब्याच्या पेटीच्या तीन बाजू चिकटपट्टीने जोडलेल्या. आमच्याकडे दोन वाड्या, वरच्या वाडीची मुलं जास्त, आणि जुलैतला निकाल सरळ वाडीवर गेला होता. कारण विचारलं तर, ‘तो आमच्या वाडयेचो मां!’ आडोसा नीट झाला, आवाज बंद झाला, तेव्हा पहिल्यांदा वरच्या वाडीची निदान चार मतं खालच्या वाडीच्या उमेदवाराला गेली. कोणाची ते मला माहीत नाही आणि विचारलंही नाही.

मध्येच 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं आणि आमचीच शाळा केंद्र होती. मी ड्युटीवर दुसरीकडे. परत आले तर मुलांनी भिंतीवरचे कागद, खुणा सगळं शोधून ठेवलेलं. आजीच्या बोटावरची शाई महिना झाला तरी नखावर आहे आणि आपला मार्कर दुपारच्या खिचडीआधीच जातो ही मोठी तक्रार. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ती म्हैसूरला बनते आणि 1962 पासून वापरतात, एवढं सांगितलं.

तिसरी निवडणूक मतपत्रिकेवर, 25 जानेवारीला, मतदार दिनाला, शनिवारची सकाळची शाळा. निवडणूक आयोगाची स्थापना 1950 ला त्याच तारखेची. यावेळी पद मुख्यमंत्री नाही, सरपंच ठेवलं, कारण मुख्यमंत्री काही लोक थेट निवडत नाहीत आणि सरपंच आता थेट निवडतात, मुलांना खोटं कशाला शिकवा. त्या तीन मतंवाल्या मुलीला मी म्हटलं उभी रहा, तर म्हणते, ‘माका उभ्या रवाचा नाय, माका ती यादी होयी.’ पट्टी आणि लाल पेन घेऊन बसली, प्रत्येकाचं पूर्ण नाव मोठ्याने वाचून टिक केली, मला सुद्धा यादीत नाव नाही म्हणून परत पाठवली. उमेदवार तिघंच होतात पण यादी, शाई, पेटी, रांग, प्रतिनिधी, मोजणी एवढी कामं असतात, आणि जी मुलं कधी तोंड उघडत नाहीत ती इथे उघडतात. ॲपमध्ये ही सगळी कामं एकटा फोनच करतो, माझी मुख्य तक्रार तीच.

मार्क द्यायचे तर ॲपला पाचात अडीच, तिसरी-चौथीला एकदा दाखवायला ठीक. डब्यांना साडेचार, अर्धा आवाजाचा कापला. पुठ्ठ्याच्या आडोशाला पाच दिले असते पण सप्टेंबरातल्या पावसात त्याला बुरशी आली, गणपतीच्या सुट्टीत वर्ग बंद होता ना. जूनसाठी प्लायवूडचा सांगितलाय, सुतार आंब्याचा हंगाम संपल्यावर देतो म्हणालाय.