उभी मांडणी: पॅरॅलल स्ट्रक्चर आणि कंपॅरिझनच्या प्रश्नांसाठी काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

इंग्रजी व्याकरणाच्या परीक्षांत दोन प्रकारचे प्रश्न असे असतात की चुकीचं वाक्यसुद्धा वाचताना अजिबात खटकत नाही. एक पॅरॅलल स्ट्रक्चरचा: 'अँड', 'ऑर', 'बट' यांनी जोडलेले तुकडे एकाच घडणीचे आहेत का? दुसरा कंपॅरिझनचा: वाक्य ज्या दोन गोष्टींची तुलना करतंय, त्या मुळात एका जातीच्या आहेत का? क्रियापदाचा काळ चुकला की लगेच कळतं. इथं तसं होत नाही, कारण सांगायचं ते आपल्यापर्यंत पोचलेलं असतं आणि मन पुढं गेलेलं असतं. 'मोठ्यानं वाचून बघ, चूक आपोआप कळेल' हा सल्ला सगळीकडे मिळतो. या दोन प्रकारांत तो उपयोगी पडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रोजच्या बोलण्यात अशी वाक्यं चालून जातात, त्यामुळे कान त्यांना आधीच सरावलेला असतो.

म्हणून मी गेले काही महिने वाक्य कानानं न तपासता कागदावर उभं मांडून तपासते आहे. कृती साधी आहे. वाक्यात जोडणारा शब्द दिसला की थांबायचं. त्याच्या लगेच उजवीकडे काय आहे ते आधी पाहायचं. डावीकडे जोडीदार कुठंही लपलेला असू शकतो, पण उजवीकडचा तुकडा शब्दाला चिकटूनच असतो, म्हणून सुरुवात तिथून. मग डावीकडे त्याच्या घडणीचा तुकडा शोधायचा आणि दोन्ही एकाखाली एक लिहायचे. दोघांना सामायिक असलेली सुरुवात वर एकदाच लिहायची आणि प्रत्येक ओळीला लावून वाचायची.

उदाहरणार्थ, 'द कोर्स टीचेस स्टुडंट्स टु रीड क्लोजली, राइट क्लिअर्ली, अँड स्पीकिंग विथ कॉन्फिडन्स.' आडवं वाचलं तर शेवटपर्यंत अडत नाही. 'टीचेस स्टुडंट्स टु' वर लिहून खाली 'रीड', 'राइट', 'स्पीकिंग' असे तीन तुकडे ठेवले की तिसरा लगेच वेगळा पडतो. 'टु'च्या जागेचा प्रश्नही असाच सुटतो. तो एकदा वर असेल तर तिन्ही ओळींना पुरतो. खाली आणायचा तर तिन्ही ओळींत हवा. 'टु रीड, राइट, अँड टु स्पीक' ही अर्धवट मांडणी परीक्षेत चूक धरली जाते.

सर्वांत मोठा फायदा झाला तो जोडीनं येणाऱ्या शब्दांत: 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो', 'आयदर... ऑर', 'नायदर... नॉर', 'बोथ... अँड', 'बिट्वीन... अँड'. इथला नियम पक्का आहे. जोडीतल्या पहिल्या शब्दानंतर ज्या घडणीचा तुकडा येतो, त्याच घडणीचा दुसऱ्यानंतर यायला हवा. 'द कमिटी नॉट ओन्ली रिजेक्टेड द प्लॅन बट ऑल्सो द बजेट' हे वाक्य चांगलं इंग्रजी येणाऱ्या माणसालाही बरोबर वाटेल. मांडून पाहा. 'नॉट ओन्ली'नंतर क्रियापद आहे, 'बट ऑल्सो'नंतर नाम. दुरुस्ती एका शब्दाची जागा बदलण्याइतकी आहे: 'रिजेक्टेड नॉट ओन्ली द प्लॅन बट ऑल्सो द बजेट.' या एका प्रकारासाठीसुद्धा ही पद्धत शिकावी, इतका तिचा उपयोग आहे. शिवाय जोडीच मोडलेली असेल, म्हणजे 'बिट्वीन'नंतर 'टु' किंवा 'बोथ'नंतर 'ॲज वेल ॲज' आलं असेल, तर मांडायला घेतानाच ते लक्षात येतं.

टोफेल आयटीपीसारख्या इंग्रजीच्या प्रावीण्य परीक्षेत, जिथं वाक्याचे चार भाग अधोरेखित असतात आणि त्यांतला चुकीचा ओळखायचा असतो, तिथं उभ्या मांडणीचा आणखी एक उपयोग सापडला. अधोरेखित नसलेला भाग बदलता येत नाही, म्हणून तोच नमुना मानायचा. यादीतले दोन तुकडे अधोरेखित नसतील आणि दोन्ही नामं असतील, तर अधोरेखित तिसऱ्याला नाम व्हावंच लागतं. 'चूक नेमकी कुणाची' या घोळातून इथं पूर्ण सुटका होते.

आता जिथं ही पद्धत आंधळेपणानं वापरली तर घात करते, त्या जागेबद्दल. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अवघड प्रश्न इथंच रचले जातात.

'द हार्ट कॉन्ट्रॅक्ट्स, पुशिंग ब्लड इंटू द आर्टरीज, अँड रिलॅक्सेस.' यात 'कॉन्ट्रॅक्ट्स', 'पुशिंग', 'रिलॅक्सेस' असे तीन तुकडे दिसतात आणि मधला विजोड भासतो. नियम नुकताच शिकलेला माणूस लगेच मधल्या शब्दावर बोट ठेवतो. पण हे तीन तुकडे एका पातळीवरचे नाहीतच. हृदय दोनच गोष्टी करतं: आकुंचन पावतं आणि सैल होतं. रक्त धमन्यांत ढकललं जाणं हा आकुंचनाचा परिणाम आहे, म्हणून तो आकुंचनाच्या ओळीला लटकलेला आहे. मांडताना 'पुशिंग...' हा तुकडा 'कॉन्ट्रॅक्ट्स'च्या खाली थोडा आत सरकवून लिहायचा आणि 'रिलॅक्सेस' पुन्हा मुख्य रांगेत आणायचा. आता पर्यायांत 'कॉन्ट्रॅक्ट्स, पुशिंग ब्लड इंटू द आर्टरीज अँड रिलॅक्सिंग' असं आलं तर? दिसायला ते जास्त सुबक आहे, 'पुशिंग'च्या जोडीला 'रिलॅक्सिंग' छान बसतं. अर्थ मात्र असा होतो की हृदय आकुंचन पावतं आणि त्याच आकुंचनामुळे सैलही होतं. घडण जुळली, शरीरशास्त्र बिघडलं.

तेव्हा मांडणी सुरू करण्याआधी अर्थ विचारायचा: यांतल्या कोणत्या गोष्टी बरोबरीच्या आणि कोणती कुणाच्या पोटातली? मी ही पद्धत वापरायला सुचवते तेव्हा ही आत सरकवण्याची गोष्ट आधी सांगते. ती न सांगता नुसतं 'सगळे तुकडे सारखे करा' असं शिकवणं विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

कंपॅरिझनमध्ये उभ्या मांडणीचा अनुभव संमिश्र आहे. तुलनेचे दोन्ही तुकडे बहुतेक वेळा नामंच असतात, त्यामुळे घडण जुळते आणि चूक तशीच राहते. 'ज्युपिटर्स मॅग्नेटिक फील्ड इज स्ट्राँगर दॅन अर्थ.' नामाखाली नाम आहे, सगळं सरळ दिसतं. पण वाक्य चुंबकीय क्षेत्राची तुलना एका अख्ख्या ग्रहाशी करतंय. हवं ते 'दॅन अर्थ्स' किंवा 'दॅन दॅट ऑफ अर्थ'. आपल्याला हे पकडायला जास्त त्रास होतो, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. 'गुरूचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीपेक्षा प्रबळ आहे' हे चोख मराठी वाक्य आहे, कुणी त्यात खोट काढणार नाही. डोक्यात हे वाक्य तयार झालं की इंग्रजीतलंही तसंच निसटून जातं.

म्हणून 'दॅन', 'ॲज', 'लाइक', 'अनलाइक' दिसले की मी दोन्ही नामांवर पेन्सिल टेकवते आणि विचारते: हे याच्याशी ताडून पाहता येईल का? क्षेत्राशी क्षेत्र, ग्रहाशी ग्रह. 'अनलाइक द व्हेल, द गिल्स ऑफ द शार्क एक्स्ट्रॅक्ट ऑक्सिजन फ्रॉम वॉटर' यात देवमाशाची तुलना शार्कच्या कल्ल्यांशी होते. कल्ल्यांना हलवून उपयोग नाही. स्वल्पविरामानंतर शार्कच यायला हवा: 'अनलाइक द व्हेल, द शार्क हॅज गिल्स...' वाक्य 'लाइक' किंवा 'अनलाइक'नं सुरू झालं की उत्तर बहुधा स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या नामाशी येऊन ठरतं.

'दॅट ऑफ' आणि अनेकवचनी 'दोज ऑफ' एकदा कळले की एक नवा धोका उभा राहतो: जिथं 'दॅट ऑफ' दिसेल तो पर्याय बरोबर वाटू लागतो. प्रश्न काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. 'ज्युपिटर इज लार्जर दॅन दॅट ऑफ सॅटर्न' यात ग्रहाशी ग्रहाचीच तुलना होती, 'दॅट ऑफ' घालून ती बिघडवली. 'ज्युपिटर्स मास इज ग्रेटर दॅन दॅट ऑफ सॅटर्न्स' यात मालकी दोनदा आली. 'दॅट'च्या जागी ते नाम प्रत्यक्ष ठेवून वाचायचं. दोन्ही वाक्यं तिथंच पडतात. आणि कंपॅरिझनला जोडून नेहमी दिसणारी एकवचन-अनेकवचनाची चूकही याच कृतीत सापडते, कारण 'दोज'च्या जागी एकवचनी नाम बसत नाही.

काही तुलनांत मात्र उभी मांडणी पुन्हा पूर्ण ताकदीनं चालते. 'साउंड ट्रॅव्हल्स फास्टर इन वॉटर दॅन एअर' घ्या. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं जातो, तेव्हा आशय खरा आहे. पण मांडल्यावर एका ओळीत 'इन वॉटर' आणि दुसऱ्या ओळीत नुसतं 'एअर' उरतं. 'दॅन इन एअर' हवं. तसंच 'द डॉग लाइक्स द बॉय मोअर दॅन हिज सिस्टर' याच्या दोन मांडण्या होतात: कुत्र्याला बहीण कमी आवडते, किंवा बहिणीला भाऊ कमी आवडतो. शेवटी 'डज' लावलं की दुसरा अर्थ पक्का होतो. वाक्याच्या दोन उभ्या मांडण्या निघत असतील तर तो पर्याय सोडायचा, हा माझा आता ठरलेला नियम आहे.

आणि जिथं ही पद्धत काहीच करत नाही ते प्रकारही आहेत. 'मर्क्युरी इज स्मॉलर दॅन एनी प्लॅनेट इन द सोलर सिस्टिम' यात बुध स्वतःपेक्षाही लहान ठरतो, कारण तोही त्याच ग्रहमालेत आहे. 'एनी अदर प्लॅनेट' हवं. 'हायर कम्पेअर्ड टु' नको, 'हायर दॅन' हवं. 'सुपीरियर', 'प्रिफर' यांच्यामागून 'टु' येतं. 'ॲज टॉल, इफ नॉट टॉलर दॅन' मध्ये दुसरा 'ॲज' गळालेला असतो. हे पाठ करण्याचे मुद्दे आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवावं. उभ्या मांडणीकडून त्यांची अपेक्षा करू नये.

वेळेबद्दल. टोफेल आयटीपीच्या स्ट्रक्चर विभागात 40 प्रश्नांना 25 मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला 40 सेकंदही नाहीत. एसीटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या, इंग्रजी विभागात पूर्वी 45 मिनिटांत 75 प्रश्न असत. नव्या स्वरूपात 35 मिनिटांत 50 आहेत. इतक्यात कागदावर मांडत बसणं शक्य नाही. ही सरावाची पद्धत आहे आणि ती तशीच वापरावी. सुरुवातीला वेग स्पष्टपणे घटतो. बरेच जण इथं सोडून देतात आणि ते सोडू नये असं मला मनापासून वाटतं. काही आठवड्यांनी लिहिण्याची गरज कमी होत जाते. जोडशब्द दिसला की नजर आपोआप उजवीकडे आणि मग डावीकडे जाते. आता मी फक्त लांब वाक्यं लिहून मांडते, लहान मनातच होतात.

सरावासाठी मला सर्वांत चांगले वाटले ते जीमॅटचे, म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेचे, जुने सेंटेन्स करेक्शनचे (वाक्य दुरुस्तीचे) प्रश्न. पाच पर्याय, त्यांतला पहिला मूळ वाक्य जसंच्या तसं ठेवणारा, आणि पॅरॅलिझम व कंपॅरिझनची इतकी कसून परीक्षा मी दुसरीकडे पाहिली नाही. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या: जीमॅटमधून हा प्रकार काढून टाकलेला आहे. 2023 च्या नोव्हेंबरात आलेल्या फोकस एडिशनमध्ये तो नाही, आणि जुनी परीक्षा जानेवारी 2024 अखेर बंद झाली. आज जीमॅट देणाऱ्यानं यावर वेळ आणि पैसे घालवू नयेत. कुणी त्या परीक्षेच्या नावावर सेंटेन्स करेक्शनचा क्लास विकत असेल तर सरळ नाही म्हणावं. इतर व्याकरण परीक्षांसाठी मात्र हे प्रश्न उत्तम आहेत. वाक्यं गरजेपेक्षा लांब असतात, तेव्हा त्यांच्यावर घड्याळ लावू नका. वेगाचा सराव आपापल्या परीक्षेच्या नमुना प्रश्नांवरच करावा.

नाम, क्रियापद, '-इंग' रूप ही ओळख ज्याची अजून पक्की नाही त्याला उभी मांडणी लगेच देऊ नये; तुकडे ओळखताच आले नाहीत तर ते एकाखाली एक ठेवून काय दिसणार? आधी ते पायाभूत व्याकरण, मग हे. ज्याचं वाचन चांगलं आहे, पण चार पर्यायांतले दोन नेहमी सारखेच बरोबर वाटतात, त्यानं मात्र आजच सुरू करावं, आणि पर्यायसुद्धा एकाखाली एक लिहून फक्त जिथं ते वेगळे पडतात तेवढंच वाचावं.