कांद्याच्या शिवारातला मध, आणि बिलात न येणारे काम

सिंदखेड राजा तालुक्यातील आमच्या शिवारात गेले दोन हंगाम एक फिरता मधपाळ जानेवारीच्या सुरुवातीला पन्नास मधपेट्या घेऊन येतो आणि मार्चची उन्हे तापू लागली की मुक्काम हलवतो. यंदा त्याच्याकडून मी एक किलोच्या तीन बाटल्या पाचशे रुपये किलोने घेतल्या. पैसे मधाचे दिले असल्यामुळे आधी मधाविषयीच लिहितो.

मध उत्तम आहे. ताजा असताना त्याला कांद्याचा किंचित उग्र वास येतो, परंतु महिनाभरात तो बराच उतरतो, म्हणून पहिल्याच दिवशी नाक मुरडून बाटली परत करू नये. त्याने आमच्यासमोर पेटीतली पोळ्याची फ्रेम उचलली, मेणाने बंद झालेल्या घरांवरून धारदार सुरी फिरवून झाकणे अलगद उतरवली आणि फ्रेम मध काढण्याच्या, हाताने फिरवायच्या यंत्रात लावली. ज्या फ्रेममधील घरे अजून उघडी होती, ती मात्र त्याने तशीच पेटीत परत ठेवली, कारण माश्यांनी बंद न केलेल्या मधात पाणी अधिक असते आणि तो आंबतो. एवढी सबुरी असलेल्या माणसाने बाटलीच्या झाकणाकडे दुर्लक्ष करावे, याचे नवल वाटते. एक बाटली घरी नेईपर्यंत पिशवीत पाझरली. लेबलवर काढणीची तारीखही नाही. गारठ्यात बाटलीच्या तळाशी दाणे धरतात, ती मात्र भेसळ नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो.

परंतु या धंद्याचा मोठा भाग बाटलीत येतच नाही. आमच्या भागात कांद्याचे बीजोत्पादन बरेच होते आणि कांद्याच्या फुलाची एक अडचण अशी की, त्यातील पराग आधी झडून जातो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो, त्यामुळे दुसऱ्या फुलावरचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. पेट्या येण्यापूर्वीच्या वर्षी माझ्या एकरभर वावरातले कितीतरी गोंडे वरून भरदार दिसत, पण हातावर चोळले की नुसता भुसा निघे. यंदा मार्चअखेरीस वाळलेला गोंडा तळहातावर झटकला, तर काळेभोर बी टपटप पडले. हवामानही यंदा बरे होते, म्हणून सगळे श्रेय माश्यांना देत नाही. तरी त्यांचा वाटा मोठा आहे, याविषयी मला शंका नाही.

गंमत अशी की, पेट्या माझ्या वावरात नसून धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, शेजाऱ्याच्या कडुनिंबाखाली असतात. जागेचे भाडे म्हणून त्याला दोन किलो मध मिळतो. त्याचा हरभरा आहे आणि तोही माश्यांमुळे चांगला आला असे तो सांगत असतो, मात्र हरभऱ्याचे परागीकरण फूल पुरते उमलण्याआधीच आतल्या आत उरकलेले असते. म्हणजे मध त्याला, बी मला, आणि मी त्याबद्दल दमडीही मोजलेली नाही.

अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी 1952 साली सफरचंदाची बाग आणि मधमाश्या यांचेच उदाहरण घेऊन, बाजारात किंमत न मिळणाऱ्या अशा परस्परलाभाची मांडणी केली होती. पुढे 1973 मध्ये स्टीव्हन चेउंग यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा दाखला देऊन, तेथील बागायतदार आणि मधपाळ रीतसर ठराव करून परागीकरणाचे पैसे देतात-घेतात, असे दाखवले. आमच्या धुऱ्यावर मात्र अजून मीड यांचेच खरे आहे, आणि त्यातच या सेवेचा कच्चा दुवा आहे. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत, ते काम कोठे करायचे हे मधपाळ आपल्या सोयीने ठरवणार. दुसऱ्या शिवारात फुलोरा अधिक दिसला की तो ऐन फेब्रुवारीतही पेट्या उचलू शकतो आणि आम्हाला तक्रारीला जागा उरत नाही.

उलट नुकसान आमच्याकडून त्याचे झाले आहे. पहिल्या वर्षी शिवारात कोणीतरी भर सकाळी, माश्या फुलांवर असताना, कीटकनाशक फवारले आणि पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडला. तेव्हापासून आम्ही काही जण दिवेलागणीच्या सुमारास फवारतो.

मध घ्यावा, असे मी निःसंकोच सांगेन. बाटली तेवढी आपली न्यावी. येत्या हंगामासाठी आम्ही तिघा बीजोत्पादकांनी पेटीमागे काही रक्कम देऊ केली, तेव्हा मधपाळाने आधी आमच्याकडे संशयाने पाहिले आणि मग, फवारणी आदल्या दिवशी कळवाल का, एवढेच विचारले.